याच्यात भाकर कोठी हाय?

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. मी २१ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करते. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. ८०० मीटरला अजून साडेतीन मिनिटं लागतात. तालुक्याच्या जिममधल्या सरांनी चार्ट दिला. सकाळी ५ अंड्यांचा पांढरा भाग आणि ४० ग्रॅम ओट्स, ११ वाजता सफरचंद, दुपारी १०० ग्रॅम उकडलेलं चिकन आणि ब्रोकोली, संध्याकाळी पाण्यात पावडर, सातच्या आत वाटीभर पपई. भाकर, भात, गूळ, फल्ली सगळं बंद. ब्रोकोली इथे मिळत नाही म्हणून मी फुलकोबी खाते. चार महिन्यांत तीनदा चार्ट धरला आणि तीनदा सुटला. आधी पोळ्याला, मग महालक्ष्म्यांच्या जेवणाला, मग मावसबहिणीच्या साक्षगंधात. एकदा पुरणपोळी खाल्ली की पुढचे आठ दिवस जे दिसेल ते खाते. रात्री उठून डब्यातला चिवडासुद्धा खाल्ला आहे. पावडरचा डबा दोन हजारांचा. सोयाबीन विकलं तेव्हा बाबांनी आणून दिला, म्हणून जास्तच लाज वाटते. आई म्हणते, 'आमच्या ताटातलं तुले काहून चालत नाही?' दोन महिन्यांपासून पाळी आली नाही, पण ते सरावामुळे असेल. ताई, माझ्यात निश्चयच नाही का? मला एखादा पक्का, कडक चार्ट करून द्या. या वेळी मोडणार नाही."

बेटा,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. दोन महिने पाळी नाही. चार्टचं आणि पावडरचं बोलूच, पण आधी हे.

पाळी थांबायला बरीच कारणं असतात. थायरॉइड असेल, पीसीओएस म्हणजे बीजकोशांचा त्रास असेल, आणखीही काही असेल. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. पण धावणाऱ्या मुलींमध्ये एक कारण वारंवार सापडतं. अंगातून जेवढं खर्च होतं, तेवढं पोटात जात नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. नाव विसरलीस तरी चालेल, आत काय घडतं ते समजून घे. नापिकीच्या वर्षी घरची कर्ती बाई काय करते? मीठ, पीठ, दवाखाना सांभाळते आणि घराची डागडुजी पुढच्या साली ढकलते. अन्न कमी पडलं की शरीर हेच करतं. हृदय, मेंदू, श्वास चालू ठेवतं आणि पाळी, हाडांची भर, दुखलेल्या स्नायूची दुरुस्ती मागे टाकतं. बाहेरून दिसतं ते एवढंच की पाळी लांबली. आत हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि धावताना नडगीच्या हाडाला बारीक तडा जायचा धोका वाढतो. भरतीच्या तोंडावर असा तडा गेला तर ते वर्ष हातचं गेलं. "सरावामुळे असेल" असं तू लिहिलंस, आणि खरंही असेल. पण सरावामुळे पाळी बंद पडत असेल तर ती सोडून द्यायची गोष्ट होत नाही.

म्हणून याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जा. पाळीचं सांग, संकोच करू नकोस, आईला सोबत ने. तिथेच हिमोग्लोबिन तपासून घे. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. तुझा आकडा १२ च्या खाली असेल, तर साडेतीन मिनिटांचं कारण तुझ्या पायात शोधू नकोस. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारं रक्तच कमी असेल तर शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होणारच. डॉक्टर गोळ्या देतील, त्या सांगतील तशा घे.

आता तो चार्ट.

वही घेऊन बसले आणि बेरीज केली. पाच पांढऱ्यांच्या ८५ कॅलरी, ओट्सच्या दीडशे, सफरचंदाच्या ऐंशी-नव्वद, चिकनच्या एकशे चाळीस धर, फुलकोबीच्या तीस-चाळीस, पावडरच्या सव्वाशे, पपईच्या पन्नास-साठ. सगळं मिळून सातशेच्या आतबाहेर. तुझं वय, उंची आणि वजन घेतलं, तर दिवसभर नुसती खाटेवर पडून राहिलीस तरी तुझ्या शरीराला साडेतेराशेच्या आसपास लागतात. आणि तू पडून कुठे राहतेस? पहाटे मैदान, मग कॉलेज, संध्याकाळी गोळाफेक. सध्या तर कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणजे सुटीच्या दिवशी वावरात आईच्या बरोबरीने तासही धरत असशील.

निम्म्याहून कमी अन्नावर तू तीन वेळा उभी राहिलीस. "माझ्यात निश्चय नाही का" हा प्रश्न वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तुझ्या निश्चयात मला कुठे खोट दिसत नाही. रात्री उठून तू चिवड्याचा डबा उघडलास तेव्हा तुझं शरीर आपला हक्क मागत होतं.

एका पुरणपोळीवरून आठ दिवस का बिघडतात, हे मात्र नुसत्या भुकेने समजत नाही. त्याचा अभ्यास झालेला आहे. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलींवर एक साधा प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, मग चव सांगायची म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खायची मोकळीक दिली. ज्या मुली एरवी खाण्याला बांध घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साधी गोष्ट. ज्या मुली कायम वजनाच्या धाकात खात होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला, आता आजचा दिवस गेलाच, मग कशाला थांबायचं? महालक्ष्म्यांच्या पंगतीत तुझं नेमकं हेच झालं. पुढे १९९१ साली जर्मनीतल्या वेस्टेनहोफर यांनी खाण्यावरच्या बंधनाचे ताठ आणि लवचिक असे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. "हे कधीच खायचं नाही" असं ताठ बंधन पाळणाऱ्यांचा ताबा जास्त सुटत होता. आज दोन घास जास्त झाले तर उद्या थोडं सांभाळू, असं म्हणणाऱ्यांचा कमी.

म्हणून तू मागितलेला कडक चार्ट मी देणार नाही. तो चौथ्यांदा मोडेल, आणि दोष तू पुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेशील.

हे मी मोठेपणाने सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मीही असेच छापील तक्ते वाटत होते. वाशीम जिल्ह्यातल्या एका शिबिरात एका आजीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, याच्यात भाकर कोठी हाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या घरी उगवत काय होतं, चुलीवर शिजत काय होतं, आधी कोण जेवत होतं आणि शेवटी कोण, यातलं मी काही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कागद देण्याआधी मी घरातलं धान्य विचारते. तुझ्या घरचं तू पत्रात आपणहूनच सांगितलंस, आणि तिथेच मी अडकले. बाबांनी सोयाबीन विकलं आणि प्रथिनांची पावडर आणली.

शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आपल्याकडच्या कुठल्याही डाळीपेक्षा जास्त. गेल्या काही दशकांत या पिकाने आपल्या भागातलं ज्वारीचं कितीतरी रान घेतलं, पण ते चुलीपर्यंत कधी आलंच नाही. मळणी झाली की पोत्यात आणि पोत्यातून थेट आडतीवर. तुझ्या बाबांना बोल लावायला हे लिहीत नाही. लेकीसाठी दोन हजार मोजणारा बाप आहे तो, आणि शेतकऱ्याच्या हातात दोन हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण पुढच्या हंगामात पाच-दहा किलो घरी ठेवायला सांग. सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खायचं नाही, त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. रात्रभर भिजवून, चांगलं उकडून, कडक वाळवून मग दळणात टाकायचं. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. पोळीची चव फारशी बदलत नाही. तोवर किराणा दुकानात सोयाबीनची वडी मिळतेच. वाळल्या वडीत शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रथिनं असतात आणि पावडरीच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.

डबा आणलाच आहे तर तो फेकू नकोस, दुधात घालून संपव. नवीन मात्र आणू नकोस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणं टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे.

तुला लागतात तरी किती? साध्या माणसाला किलोमागे पाऊण ग्रॅमहून थोडी जास्त, ०.८३ ग्रॅम, प्रथिनं पुरतात. धावणाऱ्या आणि गोळा फेकणाऱ्या मुलीला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरू. तुझ्या वजनाला ८० ते ९५ ग्रॅम. आता घरातल्या वस्तूंतून मोजू. सकाळी दोन अंडी, पिवळ्यासकट, १२ ग्रॅम. पिवळा भाग काढून फेकायचं तुला काही कारण नाही, अंड्यातलं लोह आणि जीवनसत्त्वं बहुतेक त्यातच असतात. पेलाभर दूध, ६. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी, १८. होय, भाकरीतही प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम पिठामागे १० ग्रॅम, आणि तेवढाच चोथा. ओट्स काही वाईट धान्य नाही, पण त्याच्यासाठी तालुक्याला जायचं आणि घरची कोठी बंद ठेवायची, याला अर्थ नाही. पुढे दोन्ही वेळचं मिळून साठ ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, १३. मूठ-दोन मुठी फुटाणे, १०. मूठभर फल्लीचे दाणे, ७. वाटीभर दही, ५. आणि तीस ग्रॅम वडीची भाजी, १५. किती झाले? ८६. तेल आणि भाजीपाला धरून कॅलरी अठराशे-एकोणीसशे होतात. एवढ्यावर तुला धावता येईल, झोप लागेल, आणि महिन्याला एक-दीड किलो हळूच उतरेल. त्याहून भराभर उतरवायची घाई करू नकोस. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, आणि चार किलोचा गोळा त्याच स्नायूंनी फेकायचा आहे.

हा मी नवा चार्ट दिला असं समजू नकोस. रोज हेच आणि एवढंच खायचं असं माझं म्हणणं नाही. दोन्ही जेवणांत आणि न्याहारीत प्रथिनांची एखादी तरी वस्तू ताटात हवी, एवढं धर. ती कोणती, ते त्या दिवशीच्या घरावर सोड. सोमवारी घरात अंडं चालत नसेल तर चून कर, हरभऱ्याच्या डाळीचंच पीठ ते. डाळ संपली असेल तर बरबटी, मोठ, मसूर. या दिवसांत तुरीच्या शेंगा भरल्यात, सोल्यांची आमटी होईल. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा होईल, वर लिंबू पिळ. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबरचा चहा याच्या उलट काम करतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासभर जाऊ दे. तुझं रक्त कमी निघालं, तर हा तासभर तू समजतेस त्यापेक्षा मोलाचा आहे. आणि ज्वारी तुमच्या वावरात आता पिकत नसेल, घरात रेशनचा गहू-तांदूळच असेल, तर पोळी खा, भात खा. त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. भाताबरोबर वरण दुप्पट घे, म्हणजे झालं.

वरणावरून एक गोष्ट. आपल्याकडे माणसं जास्त आणि डाळ कमी असली की गंजात पाणी वाढतं. वरून पळी फिरवली तर नुसतं पिवळं पाणी ताटात येतं. पळी तळातून फिरव. फोडणीची तर्री वर आली असेल तर ती पळीने बाजूला सार, चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात आणि रश्श्याच्या वाटीवर असे दोन-तीन चमचे सहज तरंगतात. वजन उतरवायला एवढी एक सवय तुझ्या भाकरबंदीपेक्षा जास्त कामाला येईल. सावजी खाऊ नये असं मी म्हणत नाही. खा. रोज नको, इतकंच.

तुझ्या आईचं वाक्य मी पत्रात मुद्दाम तिच्याच शब्दांत ठेवलं. "आमच्या ताटातलं तुले काहून चालत नाही?" त्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त आहे. पहाटे उठून सगळ्यांचं रांधून वावरात जाणाऱ्या बाईला तुझ्यासाठी वेगळं भांडं चढवावं लागतं, आणि त्या भांड्यातलं तिला कुणी विचारतही नाही. मला एक सांग, तुझी आई जेवते कधी? तिच्या वाट्याला वरण किती उरतं? यवतमाळ असो की बुलडाणा, मी ज्या घरांत गेले त्यांतल्या बहुतेक घरांत बाई शेवटी जेवते आणि भाकरीला चटणी लावून उठते. म्हणून वडीची भाजी होईल ती सगळ्यांसाठी होऊ दे. अंडी उकडशील तेव्हा एक तिच्यासाठी उकड आणि ती खाईपर्यंत समोरून हलू नकोस. तिचंही हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासून घे. तुझ्या तब्येतीसाठी घरात जे बदलेल ते तिच्याही ताटात गेलं पाहिजे, नाहीतर ते फार दिवस टिकतही नाही. चूल तिच्या हातात आहे.

सणावाराचं तुला सगळ्यात जास्त भय बसलंय, त्यावर थोडं सविस्तर लिहिते. वर्षभरात पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, संक्रांत, गावचा भंडारा, दोन-चार लग्नं, एखाद्याचे नवसाचे रोडगे. मोजले तर पंचवीस-तीस दिवस होतील. उरलेले तीनशे चाळीस दिवस घरचं साधं जेवण असतं. तुझं वजन आणि तुझा वेग त्या तीनशे चाळीसांवर ठरतो. मग महालक्ष्म्यांच्या दिवशी काय करायचं? सकाळपासून उपाशी राहून पंगतीला बसायचं नाही, हे पहिलं. नेहमीसारखी न्याहारी करून जा. उपाशी पोटाला कुठल्याच ताटाचा अंदाज येत नाही. पंगतीत आंबील घे, सोळा भाज्यांची भाजी मनापासून घे, पुरणपोळी तुपासकट घे. सावकाश जेव, शेजारच्या काकूशी बोल. पोट भरलं की हात आवर, वाढणारीला "पुरे" म्हण. ती आग्रह करेल, हसून ताटावर हात धर. आणि संध्याकाळी भूक लागली तर जेव. दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, दोन फेऱ्या जास्त धावून भरपाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अंडी आणि भाकर, नेहमीसारखं. आठ दिवसांची जी घसरण व्हायची ती या सकाळी थांबते. पुरणपोळी तशीही हरभऱ्याच्या डाळीची आहे, तिला पाप समजायचं काय कारण?

उपासाचा मात्र मला खरा धाक वाटतो. उपास कर म्हणणार नाही, करू नकोसही म्हणणार नाही, तो तुझ्या श्रद्धेचा भाग आहे. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. खिचडी केलीस तर फल्लीचा कूट सढळ हाताने घाल, सोबत दही घे, नाहीतर भगर आणि दाण्यांची आमटी कर, राजगिरा दुधात घाल. नवरात्राचे नऊ दिवस धरत असशील तर त्या दिवसांत जोराचा सराव ठेवू नकोस.

कामाचे दिवस वेगळे धर. दिवसभर वेचणी करून आलेल्या आणि दिवसभर वाचनालयात बसलेल्या मुलीला एकच ताट कसं पुरेल? वेचणीच्या दिवशी एक भाकर जास्त, शिदोरीत गुळाचा खडा आणि फुटाणे. वाचनाच्या दिवशी भाकर एक कमी आणि भाजी जास्त. छापील चार्टला वावर माहीत नसतं, तुला माहीत आहे.

पहाटेच्या धावण्याआधी पोट अगदी रिकामं ठेवू नकोस. अर्धा तास आधी एक केळ, नाहीतर रात्रीच्या भाकरीचा चतकोर दुधात. धावून आल्यावर तासाभरात न्याहारी, आणि तिच्यात अंडी किंवा दूध. रविवारी मैदानावरून येताना मैत्रिणी तर्री-पोहे खायला थांबतात, थांबतात ना? तूही थांब. पोह्यांवर चणे जास्त घालून माग. उन्हाळा लागला की ताक, कच्च्या आंब्याचं पन्हं, मीठ घातलेलं लिंबूपाणी जवळ ठेव, आणि ऊन चढायच्या आत सराव संपव. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कुणाचा निश्चय पाहत नाही.

वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी. रोज नाही. मैदानी चाचणीचे ५० गुण मिळतात ते ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीचे. काट्याला तिथे गुण नाहीत. म्हणून वहीत तीन गोष्टी लिही: ८०० मीटरची वेळ, झोप कशी लागली, आणि पाळीची तारीख. काय खाल्लं ते लिहू नकोस. तुझ्यासारख्या मुलीला त्या हिशोबाने आणखी शिक्षा देण्यासारखं होईल.

सरांशी वाद घालायची गरज नाही. धावण्याचं, गोळ्याचं तंत्र त्यांच्याकडूनच शीक. जेवणाचं विचारलं तर सांग, डॉक्टरांनी पोटभर जेवायला सांगितलंय.

एक शेवटचं. पोटभर जेवायला लागल्यावर रात्रीचं उठणं बहुतेक आपोआप कमी होईल. तीन-चार आठवड्यांत झालं नाही, जेवणानंतरही खाण्यावरचा ताबा सुटल्यासारखं वाटत राहिलं, किंवा खाल्ल्यावर स्वतःचा तिटकारा यायला लागला, तर एकटीने सोसू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

पहिले दोन आठवडे वजन किलोभर वाढलेलं दिसेल, घाबरून जाऊ नकोस. उपाशी शरीराला अन्न मिळालं की ते आधी पाणी आणि साठा भरून घेतं. तेवढ्यात चार्टचा कागद पुन्हा काढायचा मोह होईल. त्या दिवशी मला लिही, कागद काढायच्या आधी.

ग्रामीण रुग्णालयातला हिमोग्लोबिनचा आकडा आला की कळव, तुझाही आणि आईचाही. आणि तिने वडीची भाजी कशी केली तेही विचारून लिही. मला ती अजून म्हणावी तशी जमत नाही.

तुझी,
ताई